साथ आली आणि मुलांचा दवाखाना ओस पडला



आज पाट्या जरा बाजूला ठेवा. जोडाक्षरे उद्या पाहू. आज आम्ही तुम्हांला एक हकिगत सांगणार आहोत. ती खरी आहे आणि फार जुनीही नाही. कोरोनाच्या साथीची ती हकिगत आहे. त्या साथीत म्हाताऱ्याकोताऱ्यांचे काय झाले, ते तुम्ही डोळ्यांनी पाहिले. ते आज सांगायचे नाही. लेकरांचे काय झाले, ते सांगायचे आहे. तेही एकाच जागचे. दवाखान्याच्या तातडीच्या दाराशी काय घडले, तेवढेच.

तातडीचे दार म्हणजे कोणते? तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात, नाहीतर जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये तुम्ही कधी ना कधी गेला असाल. सकाळी केसपेपरची रांग असते. दुपारी ती खिडकी बंद होते. पण एक खोली रात्रंदिवस उघडी असते. कोणी तिला कॅज्युअल्टी म्हणतात, कोणी इमर्जन्सी म्हणतात, कोणी अपघात विभाग म्हणतात. साप चावला, झटका आला, पोर झाडावरून पडले, श्वास लागला, की माणसे थेट तिथे धावतात. तिथे आधी माणूस बघतात, मग कागद करतात. निदान तसा नियम तरी आहे.

आता तुम्हीच सांगा. जगभर पसरलेली साथ आली, तर या खोलीत मुलांची गर्दी वाढेल की कमी होईल?

तुम्ही म्हणाल, वाढेल. कोणीही तेच म्हणेल. पण झाले उलटेच. मोठ्या माणसांचे वॉर्ड भरून वाहू लागले आणि मुलांची तातडीची खोली ओस पडली.

अमेरिकेत याचा हिशेब ठेवला आहे. २९ मार्च ते २५ एप्रिल २०२० या चार आठवड्यांत तिथल्या तातडीच्या विभागांत किती माणसे आली, ते मोजले. आदल्या वर्षीच्या त्याच दिवसांशी ताडून पाहिले. सगळ्या वयांची माणसे मिळून ४२ टक्के कमी आली होती. आणि दहा वर्षांपर्यंतची मुले किती कमी आली होती? ७२ टक्के!

टक्का हा शब्द आपल्याला सावकाराच्या व्याजामुळे चांगला ठाऊक आहे. त्याच हिशेबाने बघा. जिथे आधी १०० मुले येत होती, तिथे आता २८ आली. उरली ७२. ती कुठे गेली? आजची सगळी हकिगत या ७२ मुलांची आहे.

पहिली गोष्ट ही की, त्यांतली पुष्कळशी मुले खरोखरच बरी होती. शाळा बंद होत्या. चाळीस पोरे एका खोलीत बसली, की एकाची सर्दी चाळिसांना होते. हे आम्हां मास्तर लोकांना कोणी सांगायला नको. श्रावणात निम्मा वर्ग खोकत असतो. शाळा बंद झाली, तोंडाला फडकी आली, हात धुतले जाऊ लागले, तेव्हा साधा ताप, खोकला, हगवण हेही पसरायचे थांबले. रस्त्यावर गाड्या नव्हत्या, म्हणून अपघात कमी झाले. मैदाने बंद, म्हणून हातपाय मोडणे कमी झाले. ऑस्ट्रेलिया देशात २०२० च्या हिवाळ्यात तान्ह्या मुलांचा छातीचा एक नेहमीचा आजार जवळजवळ नाहीसाच झाला. हे चांगलेच झाले. त्याबद्दल वाईट वाटायचे कारण नाही.

दुसरी मुले अशी, की जी एरवी किरकोळ कारणाला तिथे नेली जात. ती घरीच बरी झाली. त्यांचेही काही बिघडले नाही.

पण काही मुले अशी होती, की त्यांना न्यायलाच पाहिजे होते. आणि नेले नाही. किंवा नेले, पण फार उशिरा नेले.

इटली नावाचा देश आहे, युरोपात. साथीचा पहिला मोठा तडाखा युरोपात त्याच देशाला बसला. मार्च २०२० मध्ये तिथल्या काही हॉस्पिटलांत तातडीला येणारी मुले आधीच्या दोन वर्षांपेक्षा ७३ ते ८८ टक्के कमी झाली. तिथल्या डॉक्टरांना शंका आली. इतकी मुले एकदम कशी बरी झाली? त्यांनी पाच हॉस्पिटलांतली माहिती गोळा केली. २३ ते २७ मार्च, फक्त पाच दिवसांची. उशिरा आणलेली १२ मुले निघाली. त्यांतल्या सहांना अतिदक्षता विभागात ठेवावे लागले. चार दगावली.

ही मुले कोरोनाने आजारी नव्हती, बरे का. कोणाला मधुमेह होता, कोणाला रक्ताचा कर्करोग होता. आजार वेगवेगळे, पण आईबापांनी सांगितलेले कारण एकच. हॉस्पिटलात गेलो तर तिथे कोरोना लागेल, म्हणून थांबलो. काहींनी आधी फोनसुद्धा केले होते. पण कुठे डॉक्टर स्वतःच आजारी, तर कुठे सांगितले गेले की आत्ता हॉस्पिटलात येऊ नका.

इथे आम्ही मुद्दाम थांबतो. इटली हा गरीब देश नाही. तिथली माणसे लिहिणारी-वाचणारी आहेत. घरोघर मोटार आहे. तरी असे झाले. आपल्याकडे कोणाचे पोर उशिरा दवाखान्यात पोचले, की शहरातली माणसे चटकन म्हणतात, "अडाणी आहेत हो, काय करणार!" तसे नसते. भीतीला शिकलेला आणि न शिकलेला हा भेद कळत नाही. डोक्यात भीती बसली, की भलाभला माणूस दाराला कडी लावून बसतो.

आणि सगळा दोष आईबापांना देणे आम्हांला तरी पटत नाही. रेडिओवर, फोनवर, टीव्हीवर रोज एकच सांगणे चालले होते. घरात राहा, घरात राहा. ते खरेही होते. पण त्याच दमात असेही सांगायला पाहिजे होते, की पोर अत्यवस्थ झाले तर मात्र दार उघडा आणि या; आम्ही बसलो आहोत. हे दुसरे वाक्य पुष्कळ ठिकाणी उशिरा सांगितले गेले.

आता मधुमेहाचे सांगतो. कारण उशिरा आलेल्या मुलांत हा आजार पुन्हा पुन्हा दिसला. ब्रिटनमधल्या मुलांच्या डॉक्टरांना विचारले, तेव्हा त्यांनीही याचेच नाव पहिले घेतले.

"मधुमेह? तो तर पन्नाशीतल्या माणसांना होतो!" तुम्ही म्हणाल. तो वेगळा. मुलांना होतो तो दुसऱ्या जातीचा. धान्याने भरलेले कोठार आहे, पण कुलपाची किल्ली हरवली, तर घरातली माणसे उपाशीच राहतील ना? तसे त्या लेकराच्या शरीरात होते. रक्तात साखर भरपूर असते. पण ती अंगाला लावणारा इन्सुलिन नावाचा रस तयार होत नाही. मग शरीर अंगातली चरबी जाळू लागते. त्यातून एक आंबट विष रक्तात साठते. पोर ओकते, पोटात दुखते म्हणते, खोल खोल श्वास घेते, आणि शेवटी बेशुद्ध पडते. इन्सुलिनचे इंजेक्शन आणि सलाईन वेळेवर मिळाले, तर तेच पोर वाचते आणि पुढे शाळेत जाते. ते न मिळाले, तर जगत नाही.

जर्मनी देशात १३ मार्च ते १३ मे २०२० या दोन महिन्यांत हा आजार नव्याने सापडलेली ५३२ मुले मोजली. त्यांतली जवळजवळ ४५ टक्के मुले विष साठल्यावर आली. आदल्या वर्षी याच दिवसांत हे प्रमाण २४ टक्क्यांच्या जरा वर होते. म्हणजे आधी चार मुलांत एक उशिरा येई. साथीत चारांत दोन येऊ लागली, असेच म्हणा ना.

आणि या आजाराची खूण घरात आधीच दिसत असते. पोर सारखे पाणी मागते. रात्री उठून तांब्या तोंडाला लावते. सारखे लघवीला जाते. अंथरूण ओले करायचे सोडलेले पोर पुन्हा अंथरुणात मुतू लागते. खाते, पण वाळत जाते. आई म्हणते, "उन्हाळा आहे, म्हणून तहान लागते." अशा वेळी लघवीची किंवा बोटातल्या रक्ताच्या थेंबाची तपासणी केली, की पाच मिनिटांत कळते. ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते. हे वाक्य घरी जाऊन बायकोला सांगा. बायका इथे बसल्या आहेत, त्यांनी नवऱ्याला सांगा.

आता आपल्याकडचे पाहू. २४ मार्च २०२० च्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. आपल्याला इटलीपेक्षा एक अडचण जास्त होती. एस्टी बंद, वडाप बंद. रस्त्यावर पोलीस. गावातला खाजगी डॉक्टर दार लावून बसलेला. आणि वरून अफवा. "तपासणी केली की पॉझिटिव्हच काढतात." "एकदा नेले की चौदा दिवस सोडत नाहीत." "लेकराला आईजवळ ठेवत नाहीत." असे बोलणे तुम्हीही ऐकले असेल. आम्ही तर आमच्याच ओट्यावर ऐकले. एक आजोबा नातवाचा ताप तीन दिवस लपवून बसले होते. शेवटी सुनेने ऐकले नाही. तिने शेजाऱ्याची मोटारसायकल मागितली आणि पोराला मांडीवर घेऊन गेली. पोराला न्यूमोनिया निघाला. बरे झाले. आता ते चौथीत आहे.

हे लपवणे आपल्याला नवीन नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. पुढच्या वर्षी तो पुण्यात पसरला. सरकारी माणसे घरात घुसून आजाऱ्यांना उचलून नेत. म्हणून लोक आजारी माणसाला माळ्यावर लपवीत. लोकांना वाटे, दवाखान्यात गेलेला परत येत नाही. त्याच साथीत, १८९७ साली, सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या एका आजारी पोराला स्वतः उचलले आणि आपला मुलगा डॉक्टर यशवंत यांच्या दवाखान्यात नेऊन पोचवले. प्लेगची लागण त्यांना झाली. १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. पहिल्या शिक्षिका म्हणून त्यांचा फोटो शाळाशाळांत लावतात. पण ही गोष्ट आम्ही मुलांना दरवर्षी वेगळी सांगत असू. कारण त्या काळी लोक आजारी माणसाच्या सावलीलाही उभे राहत नसत.

साथ ओसरू लागली, की ही खोली पूर्वीसारखी होते का? तसेही झाले नाही. ऑस्ट्रेलियातला तो तान्ह्या मुलांचा छातीचा आजार आम्ही सांगितला ना? तो हिवाळ्यात आला नाही, पण नंतर उन्हाळ्याच्या तोंडाशी आला आणि एकदम मोठ्या संख्येने आला. अमेरिकेतही २०२१ च्या उन्हाळ्यात तो भलत्याच वेळी उसळला. कारण सरळ आहे. दरवर्षी थोडी थोडी मुले आजारी पडून तयार होत असतात. एक वर्ष कोणीच आजारी पडले नाही, तर पुढच्या वर्षी दोन वर्षांची मुले एकदम पडतात.

लसीचेही तसेच. साथीत गावोगावची लसीकरणाची सत्रे चुकली. २०२१ या एका वर्षात जगातल्या अडीच कोटी मुलांचे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताच्या लशीचे एक तरी इंजेक्शन राहून गेले. गोवराचेही राहिले. २०२२ च्या पावसाळ्यानंतर मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ आली आणि लेकरे दगावली. लस चुकते त्या दिवशी काहीच होत नाही. दवाखान्याचे दार ठोठवावे लागते ते दोन वर्षांनी. तुमच्यापैकी कोणाच्या पोराचे डोस राहिले असतील, तर कार्ड घेऊन आशाताईंकडे जा. उशीर झाला म्हणून आशाताई कोणाला परत पाठवत नाहीत.

कोरोनानेही मुलांना अगदीच सोडले नाही. बहुतेकांना तो सौम्य झाला. पण काही थोड्या मुलांना, कोरोना होऊन गेल्यावर तीनचार आठवड्यांनी, एक वेगळाच आजार झाला. खूप ताप, लाल डोळे, अंगावर पुरळ, पोटदुखी. २०२० च्या एप्रिलअखेर ब्रिटनच्या डॉक्टरांनी याची सूचना सगळ्यांना दिली. त्यात हृदयाला सूज येऊ शकते. तिथेही वेळेवर नेलेली मुले बहुतेक वाचली.

आणखी एक गोष्ट सांगायला जड वाटते, पण सांगतो. शाळा महिनोन् महिने बंद राहिल्या. मोठ्या मुलामुलींना मैत्रिणी नाहीत, मैदान नाही, घरात पैशाची ओढाताण आणि भांडणे. अमेरिकेत २०२१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये १२ ते १७ वर्षांच्या मुलींची एक मोजणी झाली. जिवाचे बरेवाईट करून घेण्याच्या संशयावरून तातडीच्या खोलीत आणलेल्या मुली २०१९ च्या त्याच दिवसांपेक्षा निम्म्याने जास्त होत्या. म्हणजे १०० च्या जागी १५०. मन दुखते तेव्हा अंगावर पुरळ उठत नाही, हीच त्यातली अडचण. वयात आलेले पोर जेवेनासे झाले, बोलेनासे झाले, "मी नसले तर बरे" असे म्हणू लागले, तर ते नाटक समजू नका. जवळ बसा, ऐकून घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. आणि कीटकनाशकाचा डबा घराबाहेर, कुलपात ठेवा.

डबा म्हटल्यावर आठवले. मुले घरात राहिली म्हणजे घरातले धोके वाढतात. २०२० च्या पहिल्या तीन महिन्यांत अमेरिकेत जंतू मारण्याची आणि फरशी धुण्याची औषधे पोटात गेल्याचे, अंगावर पडल्याचे फोन वाढले. त्यात पाच वर्षांपर्यंतची लेकरे पुष्कळ होती. आपल्याकडे सॅनिटायझरची बाटली अजून फडताळात पडलेली असेल. तिच्यात दारूचाच अंश असतो आणि तो फार कडक असतो. रॉकेल सरबताच्या बाटलीत भरून ठेवतात, ती सवयही सोडा. पोराने रॉकेल किंवा संडास धुण्याचे ॲसिड प्यायले, तर त्याला ओकवू नका. मीठपाणी पाजू नका. बाटली बरोबर घ्या आणि तडक निघा.

आता कोणी विचारेल, "मास्तर, प्रत्येक तापाला धावायचे का?" नाही. साथीच्या दिवसांत तर नाहीच. मग ओळखायचे कसे? आम्ही मास्तर आहोत, डॉक्टर नाही. पण आशाताईंना जे शिकवतात, तेच आम्ही सांगतो. पोर पाणी किंवा अंगावरचे दूध घेईनासे झाले, घेतलेले सगळे ओकू लागले, झटका आला, हाक मारली तरी डोळे उघडेना, ग्लानीत पडून राहिले, तर सकाळची वाट बघायची नाही. हगवणीत डोळे खोल गेले, पोटाची चिमटीत धरलेली कातडी हळूहळू खाली बसू लागली, तरी निघायचे. वाटेत मिठा-साखरेची पुडी, म्हणजे ओआरएसचे पाणी, चमच्याचमच्याने पाजत राहा. दोन महिन्यांच्या आतले बाळ असेल, तर नुसता ताप आला किंवा अंग गार पडले, तरी न्यायचे. साप चावला, तर कापायचे नाही, आवळून बांधायचे नाही, मांत्रिकाकडे तर अजिबात नाही.

श्वास मोजायला शिका. हे काम आता तुम्हांला येते, कारण तुम्हांला शंभरपर्यंत आकडे येतात. पोर शांत असताना, झोपलेले असले तर उत्तम, त्याचा सदरा वर करा. पोट वर आले की एक. घड्याळात पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त भरले, तर श्वास जलद आहे. दवाखान्यात नेले पाहिजे. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, तर मोजत बसू नका, निघा.

आणि दवाखान्यात आजार लागण्याची भीती? ती अगदीच खोटी नाही. म्हणून पोराबरोबर एकाच माणसाने जावे. सगळी भावकी नेऊ नये. तोंडाला रुमाल बांधावा, हात धुवावे, दारातच काय झाले ते सांगावे. एवढे केले, की तो धोका पुष्कळ कमी होतो. झटके येणाऱ्या पोराला घरी ठेवण्याचा धोका मात्र कशानेच कमी होत नाही.

गाडी नसेल, तर १०८ ला फोन करा. महाराष्ट्रात ही सोय २०१४ पासून आहे. फोनला पैसे पडत नाहीत, गाडीलाही पडत नाहीत. फोन करणारी माणसे घाबरून नुसती "लवकर या, लवकर या" म्हणतात आणि फोन ठेवतात. तसे करू नका. गावाचे नाव, तालुका, जिल्हा सांगा. एकाच नावाची गावे पुष्कळ असतात. देऊळ, शाळा, पाण्याची टाकी, जवळची जी खूण असेल ती सांगा. मुलाचे वय सांगा. काय झाले, केव्हापासून, ते सांगा. समोरचा माणूस ठेव म्हणेपर्यंत फोन ठेवू नका. एकाने रस्त्यावर येऊन उभे राहा, रात्री असेल तर बॅटरी घेऊन.

आता फळ्याकडे बघा. आम्ही मोठ्या अक्षरांत लिहितो आहोत. एक, शून्य, आठ. पाटीवर दोनदा उतरवून घ्या. घरी गेल्यावर चुलीच्या भिंतीवर कोळशाने लिहा, पोराचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर. त्याच्याखाली आशाताईंचा नंबर लिहा. ज्यांच्याकडे तो नसेल, त्यांनी जाताना आमच्याकडून उतरवून न्यावा.